लाल कार्ड आणि पाच रकाने: शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीने, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याने, २०२० च्या अखेरीस रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या मालाचा, सगळा कारभार सॉफ्टवेअरवर घेतला. खराब निघालेलं कास्टिंग (ओतून बनवलेला भाग) कुणी बाजूला काढलं, त्याचं काय करायचं हे कुणी ठरवलं, ते भट्टीत परत गेलं की दुरुस्त होऊन पुढे गेलं, हे सगळं त्यात दिसायला हवं होतं. सव्वा वर्षात ते सॉफ्टवेअर नावापुरतं उरलं. पुढे त्यातला निम्म्याहून जास्त भाग काढून टाकला, तेव्हा कुठे ते चालायला लागलं. सर्व्हर तोच होता, माणसंही तीच होती. हे कसं घडलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण कोल्हापूरच्या अनेक युनिट्समध्ये आज हाच खर्च आणि हाच मनस्ताप चालू आहे. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे काढून टाकण्याच्या कामात, प्रक्रिया सल्लागार म्हणून मी होतो. युनिटचं आणि माणसांचं नाव देत नाही.

युनिट

कोल्हापुरात ओतकाम रुजलं ते शेतीमुळे. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं लागायची, ती बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर उद्यमनगरात तयार झाले, इंजिनांना कास्टिंग लागलं म्हणून भट्ट्या पेटल्या. पुढे हे काम शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरलं. आमचं युनिट ग्रे आयर्नचं, म्हणजे एका प्रकारच्या ओतीव लोखंडाचं. ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी हाऊसिंग, ब्रॅकेट, कव्हर असे पार्ट. विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस (भट्टी), ग्रीन सँड मोल्डिंग म्हणजे ओल्या वाळूचे साचे. मशिनिंग, म्हणजे कास्टिंग मशिनवर कापून नेमक्या मापात आणणं, बाहेर, बरंचसं पुण्याकडच्या ग्राहकाकडेच.

फाउंड्रीत न गेलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, त्यात बेंटोनाइट ही चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी अगदी मोजून, साधारण तीन-चार टक्के. ते वाढलं की तापलेला रस साच्यात पडताच वाफ उसळते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते आणि ब्लो होल, म्हणजे आतल्या पोकळ्या, तयार होतात. बरेचसे ब्लो होल वरच्या कातडीखाली असतात. कास्टिंग हातात घेऊन फिरवलं तरी दिसत नाहीत, मशिनवर दोन-तीन मिलिमीटर धातू निघाला की उघडे पडतात, म्हणजे ग्राहकाच्या दारात. म्हणून संशय आला त्याच क्षणी माल थांबवणं हा या धंद्याचा प्राण आहे. कोणत्या हीटचा (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या रसाचा) माल, किती नग, आत्ता कुठे पडलाय, हे तासाभरात कळलं तर उपयोग. नंतर कळलं तर ती फक्त माहिती असते.

आकृती कशी फुगली

सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीची माणसं मेहनती होती, हे आधी सांगतो. त्यांनी प्रत्येक विभागाशी बसून विचारलं, 'रिजेक्शन झाल्यावर तुमच्याकडे काय होतं?' आणि प्रत्येकाने जे सांगितलं ते सॉफ्टवेअरमधल्या प्रक्रियेच्या आकृतीत घातलं. तिथेच गाडी रुळावरून घसरली. प्लॅनिंगवाल्यांनी सांगितलं, नग कमी झाले तर आम्हाला कळलं पाहिजे. झाली एक पायरी. अकाउंट्स म्हणालं, स्क्रॅपचं मूल्य आमच्या नजरेखालून जायला हवं. आणखी एक. स्टोअर्स, पॅटर्न शॉप (साच्याचे नमुने सांभाळणारा विभाग), मेल्टिंग, मार्केटिंग, सगळ्यांची एकेक पायरी झाली. जास्त दिवस माल पडून राहिला तर वरच्याला आठवण, वरच्याने दोन दिवसांत पाहिलं नाही तर त्याच्या वरच्याला. दुरुस्ती फसली तर परत मागे, मागे आल्यावर आधीच्या मंजुऱ्या रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सात ठिकाणी मंजुरी, त्यातल्या चार एकाच वेळी समांतर आणि चारही आल्याशिवाय पुढचं दार बंद.

ही आकृती बीपीएमएन या चिन्हपद्धतीत होती. प्रक्रिया रेखाटण्याची ही जगभर मान्य पद्धत पहिल्यांदा २००४ मध्ये आली, तिची दुसरी मोठी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये निघाली आणि २०१३ मध्ये ती आयएसओ १९५१० हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. दुसऱ्या आवृत्तीचं मोठं आकर्षण असं की काढलेली आकृतीच सॉफ्टवेअर चालवू शकतं, वेगळा प्रोग्राम लिहायची गरज कमी होते. पण तिच्यात चिन्हांचं भांडार प्रचंड आहे: निरोपाची घटना, वेळेची घटना, चुकीची घटना, केलेलं काम उलटवण्याची घटना, निरनिराळ्या फाटे फोडणाऱ्या चौकटी. २००८ मध्ये मायकेल त्सूर म्यूलेन आणि यान रेकर या संशोधकांनी तेव्हाच्या आवृत्तीतल्या प्रत्यक्ष वापरातल्या १२० आकृत्या तपासल्या. पन्नासेक चिन्हांपैकी एका आकृतीत सरासरी नऊच चिन्हं वापरलेली आढळली. मला हा आकडा फार बोलका वाटतो. कामाची माणसं आपोआप थोडक्यावर येतात, सॉफ्टवेअर मात्र त्यांच्यासमोर सगळं ताट वाढून ठेवतं आणि उत्साही माणूस ते सगळं खायला बसतो.

चिन्हपद्धतीला मी दोष देत नाही. बँकेतलं मोठं कर्जप्रकरण किंवा विम्याचा दावा अशा कामांत तिची ताकद लागते. तिथे एका प्रकरणावर अनेक संस्था महिनोन्महिने काम करतात आणि प्रत्येकाजवळ टेबल-खुर्ची असते. नॉकआउटजवळ, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथे, उभा असलेला माणूस तसा नसतो. त्याच्या हातात जाड हातमोजे, कानाला ग्राइंडरचा आवाज, समोर अजून गरम असलेलं कास्टिंग.

त्या माणसासमोर आलेला फॉर्म असा होता: पार्ट नंबर, पार्टचं नाव, ग्राहक, ऑर्डर नंबर, हीट नंबर, साच्याचा नंबर, कोअर (पोकळ भागासाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) बॅच, पाळी, मशिन, ऑपरेटर कोड, पोअरिंगचं तापमान, दोषाचा गट, दोषाचा उपगट, दोषाची जागा, तीव्रता, संशयित कारण, संबंधित विभाग, तातडीची उपाययोजना आणि असंच पुढे. पान दोनदा खाली सरकवावं लागायचं. दोषांच्या यादीत साठच्या वर नावं, तीही इंग्रजीत, आणि मोबाईलवर नाही, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. नोंदी उघडून पाहिल्या तेव्हा सगळ्यात जास्त वेळा निवडलेला दोष होता, 'इतर'.

फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंगवरचा जास्तीचा धातू घासून साफ करणाऱ्या विभागाच्या, सुपरवायझरना मी विचारलं, नोंद का होत नाही? ते म्हणाले, "साहेब, माल हितं, कॉम्प्युटर तिकडं. मी जाऊन भरून येईस्तोवर दुसरी पाळी आलेली असतीया, आणि पोरं माल उचलून मोकळी. मग मी लिवलं काय आणि न्हाई लिवलं काय, सांगा की."

या एका वाक्यात प्रकरणाचं सगळं निदान आहे. माझ्या मते प्रोसेस सॉफ्टवेअरचा कस एकाच ठिकाणी लागतो: खरी गोष्ट, ती घडते त्या वेळी, ती पाहणाऱ्या माणसाकडून आत येते का. वाढवलेला प्रत्येक रकाना आणि प्रत्येक मंजुरी त्या नोंदीला थोडं थोडं उशिरा ढकलते. उशिरा केलेली नोंद आठवणीतून होते, आणखी उशिरा केलेली अंदाजाने, आणि महिनाअखेरीची नोंद निव्वळ जुळवून केलेली असते.

पुराचे दिवस

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्येही तसंच झालं होतं. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: शहर नदीच्या एका बाजूला आणि शिरोली एमआयडीसी दुसऱ्या बाजूला. शिरोली, नागाव, टोप, हेर्ले या बाजूची माणसं कामावर आली. क्वालिटी हेड, प्लॅनिंग आणि अकाउंट्सची माणसं शहरात अडकली.

सॉफ्टवेअरचा सर्व्हर युनिटच्या ऑफिसातच होता, बाहेरून त्यात शिरता येत नव्हतं. मंजुऱ्या माणसांच्या नावावर बांधलेल्या होत्या. आपल्या जागी दुसऱ्याला अधिकार द्यायची सोय होती, पण तो अधिकार देण्यासाठी त्याच माणसाने आत लॉगिन करायला हवं होतं. म्हणजे जो येऊ शकत नाही म्हणून सोय केली, त्यानेच आधी यायचं. कागदावर ही सोय अतिशय नीट आखलेली होती, आकृतीत तिच्यासाठी वेगळी पट्टीसुद्धा होती.

त्या दिवसांत पाळीच्या इन्स्पेक्टरने फोनवर विचारून निर्णय घेतले आणि ते एका लांब वहीत लिहिले. निर्णय चांगले होते. रस्ता सुरू झाला, माणसं परत आली, पण वही गेली नाही. ती टेबलावरच राहिली, कारण तिच्यात लिहायला अर्धा मिनिट पुरत होता. सॉफ्टवेअरमध्ये महिन्याच्या शेवटी कुणीतरी बसून वहीवरून जमेल तसं भरायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच खटकत नव्हतं, इतकं ते सवयीचं झालं.

परत आलेला माल

२०२२ च्या सुरुवातीला पुण्याकडच्या ग्राहकाचा फोन आला. एका हाऊसिंगच्या सीलिंग फेसवर (गळती रोखणाऱ्या सपाट बाजूवर) मशिनिंगनंतर ब्लो होल निघत होते. त्यांचे प्रश्न साधेच होते. कोणत्या हीटचा माल? त्या हीटचे आणखी किती नग आमच्याकडे आलेत, किती रस्त्यात आहेत, किती तुमच्याकडे?

सॉफ्टवेअर उघडलं. त्या तारखेची रिजेक्शनची नोंद होती, सातही मंजुऱ्या हिरव्या होत्या. पण वेळ बघितली तर सगळ्या मंजुऱ्या महिनाअखेरीच्या एकाच संध्याकाळी, एकामागोमाग एक झालेल्या. हीट नंबरच्या रकान्यात त्या दिवसाची पहिली हीट टाकलेली, दोष 'इतर', नग पाच. यातून ग्राहकाला सांगण्यासारखं काहीच मिळत नव्हतं.

मग वही काढली. त्या दिवसाच्या पानावर निळ्या पेनने तिरकस अक्षरात एक ओळ होती: 'दु. पाळी. वाळू ओली. हाऊसिंग १४ नग बाजूला. हीट ७.' बस. कारण, वेळ, पार्ट, नग, हीट, सगळं त्या ओळीत. सुपरवायझरनी वाळू मुठीत दाबून पाहिली होती, त्यांना ती ओली लागली होती आणि त्यांनी त्या साच्यांचे नग वेगळे ठेवले होते. त्यांचं काम त्यांनी चोख केलं होतं.

मग ते नग गेले कसे? फेटलिंग ठेकेदारीवर होतं, नगावर पैसे. रात्रपाळीच्या पोरांना कोपऱ्यात १४ नग दिसले, त्यांवर काही खूण नव्हती, त्यांनी घेतले, घासले, पुढे ढकलले. डोळ्यांनी पाहणाऱ्या तपासणीला ते नग चांगलेच दिसले, कारण ब्लो होल कातडीखाली होते. डिस्पॅचच्या माणसाने सॉफ्टवेअर पाहिलं असतं तरी त्याला काही अडवणूक दिसली नसती, कारण नोंद महिनाअखेरीला व्हायची होती. एवढं मोठं यंत्र उभं केलं होतं ते नेमकं हा माल अडवण्यासाठी, आणि अडवण्याच्या क्षणी ते रिकामं होतं.

ऑडिटचं भूत

काम सुरू करताना पहिली भिंत उभी राहिली ती ऑडिटची. 'एवढ्या मंजुऱ्या आम्हाला हौस म्हणून नकोत, ऑडिटला लागतात,' असं सगळे म्हणत होते. मी मानकाची प्रत टेबलावर ठेवली आणि आम्ही मिळून ती वाचली. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातलं ८.७.२ हे कलम नाकारलेल्या मालाच्या नोंदीत चार गोष्टी मागतं: काय बिघडलं, त्यावर काय केलं, कुणाची सवलत घेतली असेल तर ती कोणती, आणि निर्णय कुणाच्या अधिकारात झाला. सात मंजुऱ्यांचा उल्लेख त्यात नाही. सॉफ्टवेअरचाही नाही. वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ आणखी कडक आहे. संशयित मालही खराब मालासारखाच सांभाळा, दुरुस्ती करण्याआधी तिच्यातला धोका तपासा, दुरुस्त केलेल्या नगांची संख्या आणि माग ठेवा, ठरलेल्यापेक्षा वेगळा माल पाठवायचा तर ग्राहकाची आधी परवानगी घ्या. यातलं एकही कलम विनाकारण नाही, आणि यातलं एकही कलम अकाउंट्सची समांतर मंजुरी मागत नाही.

आपल्याकडे ऑडिटच्या नावावर जे काही वाढवलं जातं त्यातलं किती खरंच मानकात आहे, हे मूळ प्रत उघडून पाहणारे फार थोडे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. भीती ऐकीव असते आणि तिचा बोजा पाळीवर उभ्या असलेल्या माणसावर पडतो.

काय काढलं

सातही मंजुऱ्या समोर मांडून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही 'नाही' म्हणालात तर काय बदलतं? प्लॅनिंगच्या माणसाने विचार करून सांगितलं, काही नाही, माल खराब तो खराबच, मला फक्त जास्तीचे साचे लावायला कळलं पाहिजे. अकाउंट्सचंही तेच, स्टोअर्सचंही तेच. सातपैकी पाच ठिकाणी खरी गरज कळण्याची होती आणि सॉफ्टवेअरने तिथे परवानगी बसवली होती. त्या पाचही पायऱ्या काढल्या. आता नोंद झाली की त्यांना निरोप जातो, त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही.

उरले दोन निर्णय. माल भट्टीत टाकायचा की साध्या घासणीने नीट होतो, हे त्या पाळीचा इन्स्पेक्टर ठरवतो. अधिकार माणसाच्या नावावर नाही, पाळीच्या खुर्चीवर आहे. आज जो असेल तो. दुसरा निर्णय ग्राहकाच्या परवानगीचा, तो क्वालिटी हेडकडेच राहिला.

मालाच्या अवस्था तीन ठेवल्या: थांबवला, ठरलं, गेला. आधी त्या अकरा होत्या.

फॉर्ममध्ये पाच रकाने उरले: पार्ट, हीट, नग, दोष आणि माल कुठे पडलाय. तारीख, वेळ, पाळी, नोंदवणारा हे मोबाईलला माहीतच असतं, ते माणसाला विचारायचं कारण नाही. ग्राहक आणि ऑर्डर पार्टवरून कळतात. तापमान फर्नेसच्या नोंदवहीत हीट नंबरवर आहे, तिथून काढता येतं. साठ दोषांचे आठ केले, मराठीत आणि प्रत्येकाला त्याच युनिटमधल्या कास्टिंगचा फोटो. ब्लो होल, वाळू पडणे, कोअर सरकणे, रस न भरणे अशी फ्लोअरवर रोज तोंडात असलेली नावं. 'इतर' हा पर्याय ठेवलाच नाही. आठात बसत नसेल तर फोटो काढून पाठवायचा, नाव नंतर देऊ.

आणि लाल कार्ड. जाड पुठ्ठ्याचं, तार ओवलेलं, आधीच नंबर छापलेलं. माल थांबवला की आधी कार्ड बांधायचं, मग कार्डावरचा कोड मोबाईलने स्कॅन करून पाच रकाने भरायचे. कार्ड असलेल्या मालाला फेटलिंगची पोरं हात लावत नाहीत, कारण त्या नगांचे पैसे मिळत नाहीत हे ठेकेदाराशी लेखी ठरलं. हा सगळ्यात महत्त्वाचा बदल होता आणि तो सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. टोयोटाच्या कानबान कार्डांपासून (मालासोबत फिरणारी सूचनेची कार्डं) कारखान्यांना हे माहीत आहे की मालाबरोबर फिरणारा कागद मालाविषयी सगळ्यात लवकर बोलतो. सॉफ्टवेअरने त्या कागदाची आठवण ठेवायची, त्याची जागा घ्यायची नाही.

जे काढू दिलं नाही

साधेपणाचा अर्थ कमीत कमी असा घेतला की वेगळाच घोटाळा होतो. मालकांना उत्साह आला होता. ते म्हणाले, हीट नंबरही काढा, तारीख आणि पार्ट पुरे, पोरांना तेवढंच सोपं. याला मी ठाम नकार दिला. एका दिवसात एकाच पार्टसाठी अनेक हीट ओतल्या जातात. हीट नंबर गेला तर पुढच्या वेळी ग्राहकाचा फोन आल्यावर १४ नगांऐवजी अख्ख्या दिवसाचा माल परत बोलवावा लागेल. तो एक रकाना भरायला थोडा त्रास आहे, कास्टिंगवर उठलेला कोड पुसून वाचावा लागतो. पण तो त्रास सार्थकी लागतो. नंतर कास्टिंगवरचा कोड मोठा केला, म्हणजे त्रास कमी झाला आणि माहितीही वाचली.

वेल्डिंगने दुरुस्ती करण्याचा मार्गही जसाच्या तसा ठेवला, किंबहुना थोडा अवघड केला. ज्या पार्टला ग्राहकाची लेखी मान्यता आहे त्यालाच तो पर्याय स्क्रीनवर दिसतो, बाकीच्यांना दिसतच नाही. इथे गुंतागुंत खरी आहे, ती धातूत आहे, ती फॉर्म छोटा करून जात नाही.

झेरॉक्स पार्क आणि ॲपलमध्ये काम केलेल्या लॅरी टेस्लर यांनी १९८० च्या दशकात एक विचार मांडला होता की कोणत्याही कामात काही गुंतागुंत अशी असते जी नाहीशी होत नाही, ती कुणी वाहायची एवढंच आपल्या हातात असतं. आपल्या गावच्या दूध संस्थेत हे रोज दिसतं. सकाळी किटली घेऊन आलेल्या बाईला पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर आणि रक्कम एवढंच दिसतं, तेही तिथल्या तिथे. फॅट आणि एसएनएफच्या प्रत्येक जोडीला वेगळा दर असतो, गायीचं दरपत्रक वेगळं, म्हशीचं वेगळं. ती सगळी गुंतागुंत यंत्रात बसलेली आहे, रांगेतल्या माणसावर लादलेली नाही. फाउंड्रीच्या फॉर्ममध्ये नेमकं उलटं झालं होतं.

रिजेक्शन वाढलं तेव्हा

नवी पद्धत सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात रिजेक्शनचा आकडा वर गेला. बराच वर गेला. मालक अस्वस्थ झाले, त्यांना वाटलं अधिकार पाळीवर दिल्यामुळे माल सर्रास फेकला जातोय.

इथे भट्टीने साक्ष दिली. प्रत्येक हीटला भट्टीत काय काय टाकलं याचं चार्ज शीट असतं: पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्टील स्क्रॅप आणि फाउंड्री रिटर्न, म्हणजे आपल्याच युनिटचे रनर, रायझर (साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेला, नंतर कापून काढलेला धातू) आणि खराब कास्टिंग. रिटर्नच्या वजनातून रनर-रायझरचं ठरलेलं वजन वजा केलं की खऱ्या रिजेक्शनचा अंदाज येतो. तो अंदाज आणि सॉफ्टवेअरचा जुना आकडा यांचा काही मेळ नव्हता. सॉफ्टवेअर सांगत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त माल भट्टीत परत जात होता, वर्षभर. नवा आकडा चार्ज शीटच्या जवळ आला होता. म्हणजे रिजेक्शन वाढलं नव्हतं, ते पहिल्यांदा दिसायला लागलं होतं. मालकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून स्वतः बेरजा केल्या आणि मग विषय संपला.

ज्या कुणाला आपल्या युनिटमध्ये असा बदल करायचा आहे त्याने ही पडताळणी आधीच करून ठेवावी असं मी आग्रहाने सांगेन. नाहीतर आकडा वर गेला की सगळे घाबरतात आणि जुन्या मंजुऱ्या परत येतात.

काय हरवलं

हरवलंही. कॉस्टिंगच्या, म्हणजे खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या, विभागाला पूर्वी दोषाचा उपगट आणि संबंधित विभाग मिळत होता, त्यावरून ते कोणत्या विभागावर किती नुकसान टाकायचं ते ठरवत. ती आकडेवारी खोटी होती हे त्यांनाही पटलं, तरी त्यांच्या हातून एक तयार तक्ता गेला हे खरं. आता आठवड्यातून एकदा कॉस्टिंग, मोल्डिंग आणि क्वालिटीचा एकेक माणूस बसतो, आठवड्यातल्या लाल कार्डांचे फोटो पाहतो आणि ब्लो होल वाळूमुळे की कोअरमुळे, हे तिथे ठरतं. हे काम जास्तीचं आहे आणि ते त्यांना आवडतंच असं नाही. पण वर्गीकरणाची गरज ज्यांना आहे त्यांच्याच टेबलावर ते गेलं, आणि उत्तरंही बरी येतात, कारण तिघं जण नग समोर ठेवून बोलतात.

वर्षातून एखाददुसऱ्यांदा येणाऱ्या प्रसंगांसाठी आकृतीत आता काहीच नाही. ग्राहकाने पाठवलेला पॅटर्नच चुकीचा निघाला, एकाच नगात दोन दोष, दोन ग्राहकांचा एकच पार्ट. अशा वेळी इन्स्पेक्टर फोन उचलतो आणि काय ठरलं ते दोन ओळींत नोंदवतो. सॉफ्टवेअर कंपनीच्या तरुण अभियंत्याला हे पटायला वेळ लागला. त्याच्या दृष्टीने आकृतीत जागा नसलेला प्रसंग म्हणजे राहून गेलेलं काम. त्याच्याशी बोलताना मी त्याला जुन्या आकृतीतल्या अशा फाट्यांवरून सव्वा वर्षात किती प्रकरणं गेली ते काढायला सांगितलं. बहुतेक फाटे कोरे होते. पुढे त्यानेच ते एकेक करून पुसले.

आजची व्यवस्था

फॉर्ममध्ये नवा रकाना घालायचा असेल तर एक अट आहे. मागणाऱ्याने एक पूर्ण पाळी फेटलिंगवर उभं राहून तो रकाना स्वतः भरायचा, प्रत्येक कार्डाला. त्यानंतरही हवा असेल तर मिळेल. आतापर्यंत दोन मागण्या आल्या. एक ऑपरेटर कोडची, ती मागणाऱ्यांनी पाळी संपायच्या आत मागे घेतली. दुसरी फर्नेस नंबरची, दुसरी भट्टी सुरू झाल्यावर आली. दोन्ही भट्ट्यांचे हीट नंबर एकसारखे पडत होते, त्यामुळे मागणी रास्त होती. मेल्टिंगच्या फोरमननी पाळीभर उभं राहून तो रकाना भरला आणि त्यांच्याच लक्षात आलं की हीट नंबरच्या आधी भट्टीचं अक्षर लावलं तर वेगळा रकाना लागत नाही. आता कास्टिंगवर 'अ ७', 'ब ७' असं उठतं. रकाने पाचच आहेत.